गोणीच्या कानाला शिवलेली अक्षरं

आपा, तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मला मराठी सोडून दुसरं काही लिहिता येत नाही, आणि तेही तिसरीपर्यंतचंच. म्हणजे हा कागद तुमच्या हातात दिला असता तरी तुम्ही तो उलटासुलटा करून मलाच परत दिला असता, "पढ के सुना री," म्हणून. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की लातूरच्या तुमच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि तिथं कधी एक बाई शिलाई मशीन चालवायची हे त्या दुकानदाराला सांगितलं तर तो माझ्याकडं बघून, म्हातारी काय विकत घेणार आहे का, असं विचारतो. विचारलंच त्यानं. तरी लिहिते. घरात सांगायची सोय नाही. नातीला सांगायला गेलं तर म्हणते, "आजी, हे तू मागच्याच आठवड्यात सांगितलंस." तुम्ही तसं म्हणणार नाही. मेलेल्या माणसाचा तेवढा एक फायदा आहे.

ही नात म्हणजे माझ्या पोराची पोरगी. तुम्ही गेल्यावर जन्मली, त्यामुळं तुम्ही तिला बघितलं नाही. पोराला नांदेडच्या डेपोत नोकरी लागली तेव्हा आम्ही लातूर सोडलं, ते सोडलंच. नांदेडात ही पोरगी आता धंदा करते. कसला म्हणाल, तर आरबीचा. लोकांचे कागद मराठीतून, इंग्रजीतून, उर्दूतून आरबीत करून द्यायचे, आणि तिकडून आलेले इकडच्या भाषेत. ती त्याला भाषांतर सेवा म्हणते. मी आरबीचं दुकान म्हणते. तिला राग येतो. येऊ दे. पण ह्या दुकानाचं मूळ तुमच्या ओट्यावर आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून हा खटाटोप.

मी तुमच्या ओट्यावर पहिल्यांदा आले तेव्हा पोर कडेवर होतं आणि नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. भाऊ म्हणत होता, बिलोलीला चल, पडशील एका कोपऱ्यात. मला कोपऱ्यात पडायचं नव्हतं. तुम्ही मशीनवरून मानही वर न करता विचारलं, "शिवणं येतंय का?" मी म्हटलं, फाटलेलं शिवता येतं. तुम्ही म्हणाल्या, "मंग आधा काम आया. नवं शिवना तो आसान है." आम्ही बौद्ध, तुम्ही मुसलमान. गल्लीला दोन्ही बाजूंनी बोलायला विषय मिळाला. तुमच्यातली एक बाई तुम्हाला म्हणाली, हिला कशाला घरात घेतली? आमच्यातली एक मला म्हणाली, तिच्या हातचा चहा पितेस का? तुम्ही त्या दोघींचेही ब्लाउज जरा घट्टच शिवायच्या. मला कळलं होतं, मी बोलले नाही.

सकाळी तुमच्याकडं मोहल्ल्यातली लेकरं सबक घ्यायला यायची. चटईवर ओळीनं बसून डुलत डुलत आरबी वाचायची आणि मी पलीकडं काज करत असायची. ती उठली की त्याच चटईवर कापड पसरायचं. गिऱ्हाइकाचं कापड ओळखायला तुम्ही खडूनं कोपऱ्यात आरबी अक्षर काढायच्या, कारण नाव लिहायचं तर मराठी येत नव्हतं आणि उर्दूत लिहिलं तर मला वाचता आलं नसतं. म्हणून प्रत्येक बाईला एकेक अक्षर. डाळमिलवाल्याच्या बायकोचं जीम, पोटात टिंब असलेलं. मास्तरणीचं सीन, करवतीच्या दातांचं. मिरजेहून बदलून आलेल्या नर्सबाईचं नून, वाटीत ठेवलेल्या चण्यासारखं. मी ती अक्षरं म्हणून शिकलेच नाही. मला ती बायकाच वाटायच्या. आजही सीन दिसलं की मला मास्तरणीची कंबर आठवते, केवढं कापड लागायचं तिला.

तुमचा एकच राग माझ्या लक्षात आहे. तुमची ती काळ्या मुठीची मोठी कात्री. मी तिनं वर्तमानपत्र कापलं, नमुना उतरवायला. तुम्ही मशीन थांबवली. ओरडल्या नाहीत, कात्री हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "कपड्याची कात्री कागदाला लावायची न्हाई. धार मरती. आज कागद कापशील, उद्या गिऱ्हाइकाचं रेशीम चावून ठेवंल ही." नंतर संध्याकाळपर्यंत मला कात्रीला हात लावू दिला नाही. मी दातानं धागे तोडत बसले. तेव्हापासून मी कागद कधी कात्रीनं कापलेला नाही. सुरीनं कापते.

आणि मग तो खोका. शेजारचा एक जण सौदीतून आला होता, त्यानं चिंध्या ठेवायला मला पुठ्ठ्याचा रिकामा खोका दिला. चारी बाजूंनी आरबी छापलेलं. आता तुमच्याकडं मी बघितलेलं होतं की रस्त्यात असलं अक्षर पडलेलं दिसलं की तुम्ही वाकून उचलायच्या, डोळ्याला लावायच्या आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या. मग मी त्या खोक्यात चिंध्या कशा ठेवू? मी तो घरातल्या वरच्या फळीवर ठेवला आणि उदबत्ती लावली. तुमच्या देवाचं माझ्या घरात आलंय, त्याचा अपमान नको, एवढंच डोक्यात. ईदेला तुम्ही शीरखुर्मा घेऊन आल्या, वर बघितलं, वास घेतला, म्हणाल्या, "ये क्या करी री तू?" मी सांगितलं. तुम्ही खोका खाली काढला, चष्मा लावला, वाचलं आणि दारातच बसून हसायला लागल्या. "साबून! अगे पगली, कपडे धोने का साबून लिहेला है. ठंडे पानी में घोलो, बोलके लिहेला है." मलाही हसू आलं, जरा लाजही वाटली. पण पुढं तुम्ही जे केलं ते मी विसरले नाही. मला वाटलं आता खोका चिंध्यांना मोकळा. तुम्ही मला पाठवून तुमच्या घरून ती काळ्या मुठीची कात्री आणवली आणि खोक्यावरची अक्षरं चारी बाजूंनी कापून काढली. कपड्याच्या कात्रीनं पुठ्ठा! मी म्हटलं, आपा, धार मरंल. तुम्ही म्हणाल्या, "मरू दे. साबून है, मालूम है मेरेकू. पर हर्फ तो हर्फ है." हर्फ म्हणजे अक्षर, एवढं मला कळलं. ते तुकडे तुमच्या कोनाड्यात गेले आणि खिडक्या पडलेला खोका मला मिळाला. चिंध्यांना पुरला.

तुम्ही आजारी पडल्या तेव्हा कात्री मला दिली. धार लावून दिली होती आधी. असलं कौतुक तुम्हाला बोलून करता येत नव्हतं, मलाही येत नाही, म्हणून आपलं जमलं.

नात लहान असताना तिला गप्प बसवायला मी खडू द्यायची, आणि दुसरं काही येत नसल्यामुळं तुमच्या बायकाच काढून दाखवायची. ही डाळमिलवाली, ही मास्तरीण, ही नर्स. पोरगी शाळेत जायच्या आधी जमिनीवर जीम, सीन, नून काढायची आणि कुणी विचारलं तर "नर्सबाई" म्हणून सांगायची. कॉलेजात गेल्यावर एके दिवशी येऊन म्हणाली, मला आरबी शिकायची, हैदराबादला. तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, जेवता जेवता थांबला. "आरबी शिकून काय करणार? सरकारी परीक्षा दे. आपल्यातल्या पोरी क्लास वन अधिकारी होऊन राहिल्या." ती म्हणाली, "बाबा, आपल्या भागातली माणसं तिकडं जातात, माल तिकडं जातो, आणि कागद करायला मुंबईला पळतात. मी इथं करीन." तो माझ्याकडं वळला. "आई, तूच डोक्यात भरवलं असणार." मी म्हटलं, मी फक्त बायका दाखवल्या.

तर शिकून आली. वर्गात हिचं आडनाव ऐकून लोक वळून बघायचे म्हणे. नांदेडात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली, पाटी लावली. आमच्यातले म्हणाले, हे काय नवीनच. त्यांच्यातले म्हणाले, हिला काय येणार. मी दाराशी खुर्ची टाकून बसू लागले, म्हटलं बघू कोण येतंय. आणि आपा, पहिलं गिऱ्हाईक कोण आलं? बिलोलीकडची एक बाई, कडेवर रडकं पोर. म्हणाली, "इथं आरबी लिहून मिळतंय ना? ह्याला नजर लागली. लिहून द्या कायतरी, गळ्यात बांधते." मी म्हटलं, "बाई, इथं कागद होतात, नजर उतरत न्हाई. पोराला दात येऊन राहिले, बघ तोंडात." नात मला म्हणाली, आजी, तू गिऱ्हाइकाशी बोलू नकोस. पण त्या पहिल्या दिवसांत निम्मे लोक ताईत मागायलाच येत. आपल्याकडं आरबी म्हणजे देवाचंच, दुसरं काही त्यात लिहिता येतं हे कुणाच्या ध्यानात नाही. मला हसता आलं नाही. मी साबणाला उदबत्ती लावलेली बाई.

हळूहळू खरी माणसं आली. ड्रायव्हरचं लायसन, गवंड्याचा करार, कुणाच्या लग्नाचा दाखला. हिची एक रीत आहे. काम झालं की गिऱ्हाइकाला समोर बसवते आणि आरबीतला कागद हातात धरून त्याच्या बोलीत मोठ्यानं वाचून दाखवते. तुझ्या कागदावर हे लिहिलंय, पटतंय का? मंगच शिक्का. कुठं शिकलीस विचारलं तर म्हणाली, "तुझ्याच गोष्टीतून. आपांनी खोका वाचून दाखवला नसता तर तू अजून उदबत्ती लावत बसली असतीस." बोलायला माझ्यावरच गेली आहे.

मग धर्माबादचं काम आलं. तिथल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याला माल आखातात पाठवायचा होता, गोण्यांवर आरबीत लिहून पाहिजे होतं. हे काम झालं तर त्याच्या ओळखीचे दहा व्यापारी येतील, असं तो म्हणाला. त्या भरवशावर पोरीनं शेजारची दुसरी खोली घेतली, बापाचा विरोध असताना. बाप म्हणाला होता, "हे काम फसलं तर परीक्षेचा फॉर्म भरायचा, कबूल?" ती कबूल म्हणाली होती. मला त्या दोघांचाही राग आला होता. जेवताना कसले सौदे करता?

तिनं लिहून दिलं, व्यापाऱ्यानं थोड्या गोण्यांवर छापून घेतलं, मिरची भरली. आणि सकाळी फोन. फोन कानापासून लांब धरला तरी मला ऐकू येत होता. "ताई, तुमी इकडं या आधी! तुमच्या अक्षरांनी माझा माल अडवलाय. ट्रक उभाय, एक हमाल हात लावंना!" तिचं तोंड उतरलं. मी लुगडं सारखं केलं. "तू कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, मिरची बघायची आहे. पिशवीत कात्री टाकली. का टाकली, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

धर्माबादला उतरल्यापासून शिंका. आडतीत लाल ढीग, त्याच्या कडेला भरलेल्या गोण्या, आणि गोण्यांपासून हातभर लांब सगळे हमाल उकिडवे बसलेले. त्यांचा मुकादम म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. गोण्यांची थप्पी लावायची तर खालच्या गोणीवर पाय देऊनच वर चढावं लागतं, आणि गोणीच्या पोटावर हे मोठं आरबी छापलेलं. मुकादमानं पाय दिला नाही. तो बसला म्हणून त्यांच्यातले बसले. आणि ते बसले म्हणून बाकीचेही बसले. टिळा लावलेला एक जण मला म्हणाला, "त्यांच्या देवाचं म्हनून ते पाय देईनात, मंग आमी द्यायचा का? आमाला काय पाप लागत न्हाई व्हय?" व्यापारी बनियनवर येरझाऱ्या घालत होता. "मिरची हाय रे बाबांनो, मिरची! ताई, सांगा ह्यांना."

नातीनं गोणीजवळ बसून बोट ठेवत ठेवत वाचलं. "चाचा, हे बघा. सुकी लाल मिरची. ओलीपासून जपा. भारतातला माल. एवढंच आहे. ह्यात अल्लाचं नाव कुठंच नाही."

मुकादमानं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाला, "कळलं बेटी. मिरचीच हाय. तू खोटं कशाला बोलशील? पर पाय उचलंना, त्याला मी काय करू?"

व्यापाऱ्याचा पारा चढला. "घ्या! ताई, दुसऱ्याकडून इंग्रजीत छापून घेतो, तुमचं काम राहू द्या." पोरगी माझ्याकडं आली. "आजी, मी बरोबर लिहिलंय गं. एक टिंब चुकलं नाही." मी म्हटलं, "चुकलं कोण म्हणतंय? पण गोणी कुठं पडती, पाय कुठं पडतो, हे कधी येऊन बघितलंस? कागदावर लिहिलंस तू. ही गोणी हाय." तिचे डोळे भरले. मी तिकडं लक्ष दिलं नाही, मला दुसरंच दिसत होतं. तुम्ही दारात बसलेल्या, मांडीवर खोका, हातात कात्री. साबण आहे हे कळल्यावरसुद्धा तुमचाही पाय उचलला नव्हता, आपा. तुम्ही खोका टाकला नाही, मला शहाणपणही शिकवलं नाही. अक्षर तेवढं बाजूला काढलं आणि खोका मला कामाला दिला.

मी मुकादमापुढं जाऊन बसले. "भाऊ, ह्या गोणीला पाय कुठं लागत न्हाई?"

तो विचारात पडला. इतकी वर्षं गोण्या उचलल्या, पण हे कुणी विचारलं नव्हतं त्याला. मग उठला, गोणीचं तोंड जिथं शिवलेलं असतं तिथला बाहेर निघालेला कोपरा चिमटीत धरला. "कानाला. कान धरून तर उचलतो बाई. कानावर कोन पाय दील?"

"मंग कानाला शिवलं तर?"

"काय?"

मी व्यापाऱ्याला विचारलं, जाड पांढरं कापड आहे का? त्यानं मांजरपाट आणून दिलं. कात्री काढली, वीतभर लांबीच्या पट्ट्या कापल्या. नातीला एव्हाना कळलं होतं, ती पेन घेऊन बसलीच होती. पट्टीवर तिनं तेच आरबी लिहिलं, दाभणानं मी ती साध्या गोणीच्या कानाला शिवली. मुकादमानं ती पट्टी बोटांनी चाचपली, गोणी पाठीवर घेतली, टाकली, तिच्या पोटावर पाय दिला आणि वर चढला. पट्टी बाजूला लोंबत होती. वरून म्हणाला, "आता चढतोय पाय." टिळेवाला म्हणाला, "चाचा चढला, उठा रे."

"आनि ह्या छापलेल्या?" व्यापारी म्हणाला. "ह्या काय फेकू?"

मुकादमच म्हणाला, "शेठ, ह्या सगळ्यात वर लावू. वरच्या थरावर कुनाचा पाय पडतो? वर फक्त ताडपत्री." आणि त्या गोण्या त्या माणसांनी पाठीवर टाकून नव्हे, दोघादोघांनी दोन्ही हातांवर धरून नेल्या. मिरचीच्या. व्यापारी बघतच राहिला. नंतर कपाळ पुसत मला म्हणाला, "आजी, तुमची फी किती?" मी म्हटलं, मला नको, पोरीला पट्ट्यांचं काम द्या. छापून, शिवून, दोन्ही.

दिलं त्यानं. आता पट्ट्या कापडावर नीट छापून घेतात आणि शिवणं आमच्याकडं. दुसऱ्या खोलीत तुमच्यासारखीच पायाची मशीन टाकली आहे. आधी एक बाई होती, आता चौघी शिवतात, एक उदगीरची आहे, कन्नडमध्ये गाणी म्हणते आणि टाके वाकडे घालते. लातूरचा एक डाळमिलवाला आला होता, त्यालाही पट्ट्या पाहिजेत. मी त्याला विचारणार होते, तुमच्या घरातल्या कोणी लातूरला आपांकडं ब्लाउज शिवायला टाकायच्या का, पण नात डोळे वटारून बघत होती. आणि आता नवं काम आलं की पोरगी आधी जागेवर जाऊन येते. बर्फाच्या गोडाउनात, केळीच्या बागेत. माल कोण उचलतो, कसा उचलतो, कुठं हात लागतो, कुठं पाय, हे बघून येते आणि मगच पेन उघडते. बापानं परीक्षेचं नाव काढलेलं नाही. परवा तो आपल्या डेपोतल्या कुणाला तरी फोनवर सांगत होता, "आमच्या पोरीची कंपनी हाय." कंपनी म्हणाला. मी ऐकलं.

तुमचे माझ्यावर काय काय उपकार आहेत ते मांडायला बसले तर तुम्ही म्हणाल, नक्को री, काम कर. पण काम करायला बसता आलं ते तुमच्यामुळं. कोपऱ्यात पडले असते तर कोपऱ्यातच राहिले असते, माझं पोरही, आणि ही पोरगीही. तुमची कात्री अजून आहे. मूठ बदलली, पातं तेच. चौघींना सांगून ठेवलंय, कागदाला लावाल तर हात तोडीन.

आत्ता हे लिहीत होते तर नात मागून आली. "कुणाला गं?" मी म्हटलं, आपांना. ती हसली नाही. म्हणाली, "दे, मी उर्दूत करते. म्हणशील तर आरबीत. तुला फुकट." मी म्हटलं, तुझं काम बघ, आणि कागद मांडीखाली सरकवला. आता तिला दिला तर तिची रीत तुम्हाला सांगितलीच आहे. काम झालं की समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवणार. म्हणजे मी तिचं केलेलं एवढं कौतुक तिच्याच तोंडून मला ऐकावं लागणार. तोंडावर मी तिला आजवर "पाठ सरळ ठेवून बस" ह्यापलीकडं काही म्हटलेलं नाही, आणि ह्या वयात सवय मोडायची नाही मला.

म्हणून घडी घातली आणि मशीनच्या खणात टाकली, कात्रीच्या शेजारी. मग शिवायला बसले तर खण सारखा गुडघ्याला लागायला लागला. साधा कागद आहे, मला माहीत आहे, मीच लिहिलाय. तरी उठून वरच्या फळीवर ठेवला. उदबत्ती तेवढी लावलेली नाही.